कवळी लावून ब्लूज

ओमकारने ते माझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात, चार लोकांसमोर सांगायला नको होतं. बँडचा मालक तो आणि ट्रम्पेट वाजवणारा बाबू पेंडूरकर त्याच्याकडे कामाला, म्हणजे सांगायचा अधिकार त्याचाच. पण बापाच्या वयाच्या माणसाला असलं काही सांगायची एक रीत असते, ती या पोराला कोणी शिकवली नाही. तो आला, काउंटरवर मोटरसायकलची चावी आपटली आणि उभ्या उभ्या म्हणाला, "बाबूकाका, सातेरीदेवीच्या वर्धापनदिनाक पालखीपुढे तुमी वाजवा. वाजला तर बरा. नाय वाजला, मधीच तुटला, तर मी हात वर करतलंय. देवळामागे टेम्पोत बेंजोवाले बसान आसतले, ते सुरू करतले. आणि मगे आमच्या बँडात ट्रम्पेट बंद."

बाबूने तोंडावर पंचा धरला होता, तो काढला नाही. पंच्याआडूनच "बरा" म्हणाला.

मी काही बोलायच्या आत शेजारची आनंदी भज्यांचा झारा हातात घेऊनच आत शिरली. तिचं चहाचं दुकान माझ्या भिंतीला लागून, त्यामुळे इकडे कोणी शिंकलं तरी तिकडे कळतं. "रे ओमकार, तुझ्या बापाशीन ह्यो बँड उभो केल्यान तो कोणाच्या फुकेर? लाज नाय वाटली तुका?"

"काकी, लग्नवाले बेंजो मागतत," ओमकार म्हणाला. "पोरांका नाचूक व्हया. मी काय करू?"

हे त्याचं खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला जास्त राग आला. आमच्या जिल्ह्यात आता हळद असो, वरात असो की गणपती, टेम्पोवर भोंगे चढवलेला बेंजो लागतोच. जुने ब्रास बँड एकेक करून बसले. ओमकारचा बाप होता तोवर बाबूच्या ट्रम्पेटला मान होता. पालखी खांद्यावर उचलली की बाबू मान मागे टाकून एक वरची तान मारायचा आणि ती तान संपल्याशिवाय भोई पहिलं पाऊल टाकत नसत. कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण इतकी वर्षं तसंच चालत आलं होतं.

गेल्या पावसाळ्यात पेंडूरच्या उतारावर शेवाळावरून बाबूची स्कूटर घसरली आणि तो तोंडावर आपटला. हाडं शाबूत राहिली, पण वरचे पुढचे दात गेले. ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात जाणं म्हणजे काय, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, फुंकायला ओठ पुरतात. तर नाही. ओठाला मागून टेकू लागतो, तो दातांचा. कुडाळच्या डॉक्टरने कवळी बसवून दिली आणि बजावलं की ही जेवायला आणि हसायला आहे, फुंकायला नाही. बाबू मुळातच आपल्या रूपाबद्दल जरा जास्त जागरूक माणूस. केसाला तेल, खिशात कंगवा, बँडच्या कोटाची बटणं चकचकीत. कवळी बोलताना हलते हे लक्षात आल्यापासून त्याने तोंडावर पंचा धरायला सुरुवात केली, ती घरात बायकोसमोर, जानकीवहिनीसमोरसुद्धा. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, माज्यासमोर पण जेवणत नाय ओ. पाठ करून बसतत."

एवढ्यावरही बाबू पेंडूरकर ट्रम्पेट सोडत नव्हता, आणि त्याला कारण आमचा म्हातारो.

म्हातारो म्हणजे कोण ते सांगतो. फार वर्षांमागे दोडामार्गकडचा एक माणूस व्हीसीआर दुरुस्तीला देऊन गेला. आत कॅसेट अडकलेली. यंत्र दुरुस्त झालं, माणूस काही परत आला नाही. कॅसेट लावून बघितली तर कुठल्याशा अमेरिकन टीव्हीवरचा जुना काळा-पांढरा कार्यक्रम. सुटाबुटातला एक काळा, वयस्क माणूस, एका हातात रुमाल, एका हातात ट्रम्पेट. मागे चारपाच वाजवणारे. गाल असे फुगवतो की आता फुटतील, आणि मग एक संथ, रडवेली चाल. त्याचं नाव जगभर गाजलेलं आहे, हे मला पुढे कळलं. आमच्या बाजारात ते नाव उच्चारताना प्रत्येकाची जीभ वेगळ्या दिशेला जायची, म्हणून तो सगळ्यांचा 'म्हातारो' झाला.

मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस, मला संगीत कळत नाही. मला स्पीकर कळतो. दुरुस्त केलेल्या टीव्हीचा आवाज तपासायला मी तीच कॅसेट लावायला लागलो. म्हाताऱ्याची वरची तान लागली की फाटका स्पीकर लगेच झरझरतो. तो ट्रम्पेट खाली ठेवून घोगऱ्या आवाजात गायला लागला की खालच्या पट्टीतला दोष कळतो. एवढं सोयीचं दुसरं काही मिळालं नाही. पुढे कॅसेट गेली, पेनड्राइव्ह आला, तरी तपासायला म्हातारोच. म्हणजे आमच्या कट्टा गावच्या बाजारात जो कोणी मासळी, भाजी, खत घ्यायला आला, त्याने तो ऐकलाच. असे आम्ही त्याचे चाहते झालो, मागे लागून नव्हे, कानावर पडून पडून. समोरचा चिकनवाला एका ठरावीक जागी सुरी उचलून थांबतो आणि ती तान उतरली की मगच घाव घालतो. गिऱ्हाईकही काही बोलत नाही.

माझी मुलगी भक्ती कॉलेजात गेल्यावर तिने तोच कार्यक्रम मोबाईलवर शोधून काढला. खाली जगभरच्या लोकांनी काय काय लिहिलेलं. ती वाचून मराठीत सांगायची आणि आम्ही चहा घेत ऐकायचो. कुठल्याशा थंड देशातल्या एका बाईने लिहिलं होतं की नवरा गेल्यापासून ती रोज जेवताना हे लावते, म्हणजे टेबलावर दुसरं कोणीतरी आहे असं वाटतं. आनंदीने पदर डोळ्याला लावला. बाबू म्हणाला, "तिका लिव गो बाये, आमी हंय कोंबडी कापताना आयकतो. एकटी नाय तू." भक्तीने खरंच लिहिलं. त्या बाईने खाली लाल बदाम पाठवला आणि बाबू तो आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरला.

ह्या असल्या गाण्याला ब्लूज म्हणतात, हेही भक्तीनेच सांगितलं. ब्लू म्हणजे निळा, आणि त्यांच्यात निळा म्हणजे दुःखी. आनंदीला ते पटलं नाही. "नीळ कपड्याक घालतत. दुःखाक कशाक घालूची?" पण म्हातारो रडकी चाल वाजवून शेवटी दात काढून हसतो कसा, यावर ती बाबूशी तासन्‌तास वाद घालायची.

बाबूला त्यातली एकच जागा सगळ्यांत प्रिय होती. मध्यावर कुठेतरी म्हाताऱ्याचा सूर फाटतो. मला इतकी वर्षं वाटत होतं की तो माझ्या कॅसेटचा दोष. बाबूने दाखवून दिलं. "अज्या, बघ. हंय घसारलो. ओठ दमलो त्येचो. आता बघ फुडे." पुढच्या ओळीत म्हातारो बरोबर त्याच जागी तसाच सूर फाडतो, आणि या वेळी मुद्दाम. "एकदा केला ती चूक. दुसऱ्यांदा तसाच केल्यान, मगे चूक कोण म्हणतलो?" हे सांगताना बाबूचा चेहरा असा उजळायचा, जणू ती चलाखी त्याचीच.

तर ओमकार चावी आपटून गेला, त्या दिवसापासून बाबू माझ्या दुकानामागच्या खोलीत, मेलेल्या टीव्हींच्या ढिगात बसून वाजवायला लागला. मी बाहेर सोल्डरिंग गन घेऊन बसायचो आणि कान आत. कवळीवर ट्रम्पेट टेकलं की टक असा आवाज यायचा. मग सूर. खालचा सूर बरा निघायचा, थोडा भरड, पण बरा. वर चढायला लागला की कवळी सुटायची आणि हवा फस्स.  असल्या एका फस्सला माझ्या हातून एक चांगला बोर्ड जळला.

वर्धापनदिन उद्यावर आला तरी वरची तान लागत नव्हती. मी आत गेलो. "बाबू, सांगान टाक ओमकाराक, तब्येत बरी नाय म्हणान. अब्रू तरी रवतली."

"मी वाजवतलंय. खालच्या पट्टीत. हळू."

"हळू? पालखी उचलल्यावर हळू? मेल्या, त्या गर्दीत भोयांका आयकाक तरी येतला? ओमकार हात वर करूक टपलेलोच आसा!"

त्याने पंचा तोंडावर आणखी घट्ट धरला. डोळे लाल. "अज्या, ट्रम्पेट नाय तर मी कोण? सांग. पेंडूरकराचो बाबू, एवढाच. असले पन्नास आसत." मग ट्रम्पेट पुसत म्हणाला, "त्येंका माका काढूचो आसा तर गावाच्या समोर काढूंदे. घरात बसान नाय मी निघाचो."

मला त्याच्यासाठी भीती वाटली आणि त्याचा रागही आला, दोन्ही एकदम. 

दुसऱ्या दिवशी चार वाजता सातेरीचं अंगण माणसांनी भरलं होतं. मुंबईचे आलेले, माहेरवाशिणी, मुलं. पालखी सजवून मंडपात ठेवलेली. एका बाजूला बँड, पुढे बाबू, कोटाची बटणं नेहमीसारखी चकचकीत, तोंडावर पंचा. ओमकार दीपमाळेपाशी उभा, तिथून देवळामागचा टेम्पो दिसतो. मी मुद्दाम अशी जागा धरली की बाबू आणि ओमकारचा हात, दोन्ही एका नजरेत येतील. आनंदी माझ्या शेजारी उभी राहून ओठातल्या ओठात देवीला काहीतरी धमकावत होती.

पालखी उचलण्याआधी गावकाराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय पान हलत नाही. गावकार देवीशी बोलतो, एक मागणं मागतो आणि थांबतो. त्या थांबण्यात सगळा गाव हात जोडून एका आवाजात होकार भरतो.

"बा माये सातेरी, आज ही तुजी लेकरां तुज्या दारात उभी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"जी काय चूकभूल झाली आसात ती पोटात घाल, आणि लांब गेलेल्यांका सुखरूप परत हाड..."

"व्हय म्हाराजा!"

असं बराच वेळ चाललं. मग गावकाराने नारळ ठेवला, भोयांनी पालखी खांद्यावर घेतली आणि सगळ्यांच्या माना बाबूकडे वळल्या. बरेच जण अजून हात जोडूनच होते. बाबूने पंचा खांद्यावर टाकला आणि ट्रम्पेट ओठाला लावलं.

वरच्या तानेची वाट बघणाऱ्या लोकांना खालून एक जाड, संथ सूर ऐकू आला. मी चाल ओळखली. म्हाताऱ्याची होती, पण तशीच्या तशी नव्हे. बाबूने ती गावकाराच्याच चालीने, तुटक तुटक बोलल्यासारखी धरली होती. ठरवून की नकळत, मला माहीत नाही. पहिली ओळ चढली, वळली, आणि शेवटाला कवळी सुटली. फस्स. आवाज बंद.

  भोई एकमेकांकडे बघायला लागले. बाबू ट्रम्पेट तोंडाशी धरून तसाच उभा, गळ्याची शीर ताठ. मी ओमकारकडे बघितलं. त्याचा हात कमरेवरून सुटला. छातीपर्यंत आला. आनंदीने माझं मनगट एवढ्या जोरात धरलं की नखं रुतली. "नको रे झिला," ती म्हणत होती, "नको, नको."

आणि त्या शांततेत, खांबाला टेकून डोळे मिटून बसलेली रुक्मिणी म्हातारी, जिला दोन्ही कानांनी धड ऐकू येत नाही, तिला वाटलं गावकाराचं गाऱ्हाणं अजून चालूच आहे. कोणीतरी बोलत होतं, आता थांबलंय, म्हणजे आपली पाळी. तिने हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

तिच्या आजूबाजूच्यांनी सवयीने मागोमाग म्हटलं. ते शब्द एकदा सुरू झाले की आमच्या गावात कोणी गप्प राहू शकत नाही, ते तोंडातून आपोआप येतात. क्षणात सगळं अंगण गरजलं. आणि ओमकार? त्याचा अर्धा वर आलेला हात दुसऱ्या हाताला जाऊन मिळाला आणि जोडला गेला. त्यानेही म्हटलं. मी बघितलं ना, ओठ हलताना.

बाबू दचकला. त्याने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. गेले कित्येक महिने जो माणूस बायकोसमोर जेवला नव्हता, त्याने साऱ्या गावासमोर तोंडात बोटं घालून कवळी काढली आणि कोटाच्या खिशात ठेवली. मागे एक पोर फिदकन हसलं, त्याला त्याच्या आईने टपली मारली. बाबूने पुढचे दात नसलेल्या तोंडाला ट्रम्पेट लावलं. आता सूर आणखी खाली गेला होता, भोवरा झोपताना घुमतो तसा. दुसरी ओळ. चढली, वळली, आणि बरोबर त्याच जागी त्याने ती फाडली आणि थांबला.

या वेळी कोणाची चूक झाली नाही. सगळ्यांना कळलं होतं. "व्हय म्हाराजा!"

भोयांनी पहिलं पाऊल टाकलं. तिसरी ओळ, थांबा, होकार, दुसरं पाऊल. आनंदी रडत होती आणि ओरडत होती. मला संगीत कळत नाही म्हणून सांगितलं, पण त्या दिवशी मी गळा फाटेपर्यंत ओरडलो. प्रत्येक ओळीनंतर माझाच होकार सगळ्यांच्या आधी निघायचा. मला एवढंच दिसत होतं की बाबू वाचला, ओमकारचा हात खाली आला, टेम्पो मुकाट उभा आहे. आम्ही ओढून आणला माणसाला, असं मला वाटत होतं. 

पालखी मंडपाबाहेर पडली, ढोलताशे सुरू झाले, माणसं त्यामागे गेली. बाबू पायरीवर बसला होता. जानकीवहिनी शेजारी पाणी घेऊन. मी आणि आनंदी धावत गेलो, तेवढ्यात ओमकारही आला. त्याचे डोळे ओले होते, ते त्याने लपवले नाहीत. तो बाबूच्या पायाशी उकिडवा बसला. "काका, माजा चुकला. बेंजोवाल्यांका परत पाठवलंय. तुमी हंयच रवायचा. वाजवूक जमता तवसर, नाय जमला तरी पालखीपुढे तुमीच."

मी आनंदीकडे बघून हसलो. बाबूही हसला. तोंडावर पंचा नव्हता, वरची उघडी हिरडी दिसत होती. त्याने ट्रम्पेट फडक्यात नीट गुंडाळलं आणि ओमकारच्या मांडीवर ठेवलं.

"ठेव ह्या. तुज्या बापाशीचा आसा."

"म्हणजे?"

"आयकलंस नाय मा तू, मी ट्रम्पेटातसून देवीकडे काय मागी होतंय ता?" दात नसल्याने त्याचे शब्द मऊ आणि ओले येत होते, सगळ्यांना वाकून ऐकावं लागलं. "मी म्हटलंय, माये, फूक सरली माजी. आता भांडाक नको. माका मानान घराक जावंदे." त्याने ओमकारच्या खांद्यावर हात ठेवला. "इचारलंय तेवढ्या वेळा गावान 'व्हय' म्हटल्यान. तू पण म्हटलंस."

ओमकारने मांडीवरचं ट्रम्पेट दोन्ही हातांनी धरलं. आनंदी खाली बसली. बाबूने वहिनींचा हात धरला, उठला, आणि दोघं पाणंदीतून घराकडे चालू लागली. त्याला हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं. पण माझा आवाज पार बसला होता. अंगणात सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा मीच म्हटलं होतं.